क्रेनवाल्या आजींचे केस

शनिवार, ५ सप्टेंबर

मोठ्या बाईंनी आज ही वही हातात ठेवली. म्हणाल्या, "मनात जे साचतं ते इथं ओत. रोज जेवताना माझ्यापुढं ओततेस, ते आता पुरे. मी अठरा वर्षं इथं आहे. प्रत्येक नव्या मुलीचं सगळं ऐकून झालंय माझं."

तर ओतते.

इथं येऊन सहा आठवडे झाले. घरून निघताना चर्चच्या मंडळीनं हार घातला, पाळकसाहेबांनी डोक्यावर हात ठेवून प्रार्थना केली, आईनं बॅगेत तेलाच्या दोन बाटल्या कोंबल्या आणि बाबा घड्याळाकडे बघत बघत रडले. दोन वर्षांची परदेशातली सेवा. पण त्यातले पहिले तीन महिने परीक्षेचे. ऑक्टोबरच्या सुरुवातीला मिशनच्या कचेरीतून चिटणीससाहेब येणार, माझं काम बघणार आणि ठेवायचं की घरी पाठवायचं ते ठरवणार. घरी गेले तर हार काही कुणी परत मागणार नाही. पण बघतील ना सगळे!

आमच्या दोन खोल्या चांभाराच्या दुकानावर आहेत. दिवसभर खालून ठकठक आणि सोल्युशनचा वास. खिडकीतून बंदर दिसतं, वारा इतका की वाळत घातलेले मोजे आतापर्यंत तीन गेले. तिन्ही डाव्या पायाचे, असं बाई म्हणतात, पण मोज्याला डावाउजवा कुठं असतो?

दर शनिवारी एक छापील फॉर्म भरायचा. किती घरी भेट दिली, किती जणांशी बोलणं झालं, किती नवे जण उपासनेला आले. या आठवड्यात घरं एकवीस. दारं उघडली नऊ. उपासनेला शून्य.

बुधवारी एका बाईंनी दार उघडलं तेव्हा मी पाठ केलेलं वाक्य हसतमुखानं म्हटलं, "मी तुमच्यासाठी आनंदाची बातमी आणली आहे." त्या म्हणाल्या, "आमच्याकडे पुष्कळ आहेत," आणि दार लावलं. घरी येऊन कळलं की इथल्या भाषेत बातमी आणि चादर यांत एका स्वराचा फरक आहे. सहा आठवडे मी गावभर चादरी विकत फिरतेय.

बाई हसून हसून खुर्चीवरून पडायच्या बेतात होत्या. मला मात्र रडू आलं. म्हणजे आधी रडू आलं, मग हसू.

मंगळवार, ८ सप्टेंबर

बाईंनी आज मला टेकाडाखालच्या वृद्धाश्रमात धाडलं. "तिथं दारं लावत नाहीत," म्हणाल्या, "कारण लावायला उठावं लागतं."

बायकांच्या दालनात बावीस खाटा आहेत. पिशवीतल्या पुस्तिका वाटल्या. पहिल्या खाटेवरच्या आजींनी पुस्तिका उलटी धरली. सरळ करून दिली तर म्हणाल्या, "उलटी काय नि सुलटी काय, केस डोळ्यांवर येतात, दिसतंय कुठं?"

खरंच, कपाळावरचे केस नाकापर्यंत आलेले. मी मेट्रनबाईंकडून कात्री मागून आणली, ओल्या कंगव्यानं केस पुढे घेतले आणि भुवईच्या वर सरळ कापले. दोन मिनिटांचं काम. आजींनी डोळे मिचकावले आणि समोरच्या खाटेकडे बघून ओरडल्या, "अगं, तू इतकी म्हातारी कधी झालीस?"

मग दुसऱ्या खाटेवरून हाक आली, मग चौथ्या. निघाले तेव्हा सात डोकी झाली होती आणि मी देवाच्या वचनाचं एक अक्षर बोलले नव्हते.

इथं एक कबुली लिहून ठेवते. आईचं घराच्या पुढच्या खोलीत पार्लर आहे. शाळेतून आले की आधी खाली पडलेले केस झाडायचे आणि मगच दप्तर उघडायचं. बारावीपर्यंत मी अर्ध्या आळीच्या भुवया कोरल्या होत्या. पण अर्जात यातलं काही लिहिलं नाही. "इतर कौशल्ये" या रकान्यात लिहिलं, "वक्तृत्व."

शनिवार, १२ सप्टेंबर

फॉर्म भरला. बोलणं झालं: सात. पण काय बोलणं? "मान खाली घ्या" आणि "कान सांभाळा." हे लिहायचं का, असं बाईंना विचारलं. त्या भाजी चिरत होत्या. म्हणाल्या, "जे झालं ते लिही." मग म्हणाल्या, "मंगळवारी परत तिकडेच जा."

इथल्या मंडळीतला सुतार संध्याकाळी स्वयंपाकघरातली खुर्ची दुरुस्त करायला आला होता. तिशीचा असेल, उंच आहे, दारातून येताना दर वेळी डोकं आपटतो. सावकाश बोलतो, म्हणून त्याचं बोलणं मला सगळं समजतं. खुर्ची पुन्हा डुगडुगते म्हणे. गेल्या आठवड्यातच दुरुस्त केली होती. लाकूड चांगलं नसावं.

मंगळवार, १५ सप्टेंबर

आज नऊ डोकी. आणि एक भांडण.

दालनाच्या टोकाला खिडकीशी एक आजी बसतात. कुणाशी बोलत नाहीत, डोक्याला कायम रुमाल. तरुणपणी बंदरावर क्रेन चालवायच्या. तेहतीस वर्षं. सगळे त्यांना क्रेनवाल्या आजीच म्हणतात. मी जवळ जाऊन म्हटलं, "आजी, तुमचेही नीट करू का?"

त्या म्हणाल्या, "हात लावलास तर चावेन."

त्यांचे दात स्वतःचे आहेत, हे मेट्रनबाईंनी मागून कानात सांगितलं.

नंतर कळलं ते असं. गेले आठ महिने त्यांनी डोक्याला कुणाला हात लावू दिलेला नाही. रुमालाखाली केसांचा गोळा झालाय, घट्ट, लोकरीच्या गादीसारखा. खाली कातडीला जखमा व्हायला लागल्यात. डॉक्टर आज आले होते. त्यांनी लिहून दिलं की सगळे केस मशीननं काढून टाका. गुरुवारी न्हावी येणार आणि दोन सेविका आजींना धरून ठेवणार.

हे सगळं चारचौघांत, त्यांच्या खाटेशी उभं राहून ठरलं, जणू त्या तिथं नाहीतच. मी बघितलं, आजींनी उजवा हात मागे नेला आणि मानेवरचा गोळा मुठीत धरला. एखादी वस्तू कुणी हिसकावेल म्हणून धरावी तसा.

माझ्या तोंडून निघून गेलं, "मी सोडवते."

मेट्रनबाई म्हणाल्या, "हे सुटणार नाही."

"सुटतं. आमच्याकडे एकदा आठ दिवस तापानं पडलेली मुलगी आणली होती, तिचं आईनं सोडवलं होतं." (ते आठ दिवसांचं होतं आणि हे आठ महिन्यांचं, हा हिशेब मला घरी येताना सुचला.)

डॉक्टर घाईत होते. म्हणाले, मी पुढच्या वेळी सहा ऑक्टोबरला येईन. तोवर जखमांना रोज मलम लावा. नाही सुटलं तर त्याच दिवशी मशीन.

आजींनी माझी पिशवी ओढून घेतली, उलटी केली. पुस्तिका, रुमाल, पेन्सिल, अर्धं सफरचंद. "कात्री कुठाय?"

"मेट्रनबाईंच्या टेबलात. मी आणणारच नाही."

"शपथ?"

"शपथ घेत नाही आम्ही. पण आणणार नाही."

त्यांनी रुमाल सोडला. प्रभू, मी कशात पाय घातला!

शुक्रवार, १८ सप्टेंबर

आईला फोन केला. आठ आठवड्यांत पहिल्यांदा मी तिला तिच्या कामाबद्दल काही विचारलं. एरवी दोन मिनिटांत "बरं, ठेवते" म्हणणारी आई पाऊण तास बोलली. टोकाकडून वर जायचं, मुळाकडून कधीच नाही. आधी तेल मुरू द्यायचं. बोटांनी फोडायचं, मग कंगवा. केसाचं मूळ दुसऱ्या हातानं दाबून धरायचं म्हणजे ओढ लागत नाही. "आणि घाई झाली की उठून जायचं. घाईच्या हाताला केस बरोबर ओळखतात."

फोन ठेवताना म्हणाली, "तुला आठवतंय सगळं. मला वाटलं, तुला ते आवडायचं नाही."

मी "रेंज जातेय" म्हटलं.

बुधवारपासून तीन दिवस झाले. करंगळीएवढा भाग मोकळा झालाय. इथले कंगवे सगळे बारीक दातांचे, लगेच मोडतात. सुताराला सांगितलं तर तो आज एक लाकडी कंगवा घेऊन आला, बोटाबोटाएवढ्या अंतरावर पाच दात, घासून अगदी गुळगुळीत. म्हणाला, "हा झाला की पुढचा थोडा बारीक करून देईन. मग त्याहून बारीक." किती कामसू माणूस! खुर्चीही बघून गेला.

मंगळवार, २२ सप्टेंबर

आजी आता बोलतात. माझ्याकडे पाठ असते म्हणून असेल. दात ओठ खात भराभर बोलतात, बंदरावरची भाषा, मला निम्मीच कळते. क्रेनच्या केबिनपर्यंत एकशे बारा पायऱ्या होत्या. वर गेलं की जेवायलासुद्धा खाली उतरायच्या नाहीत. एकदा जहाजातून पियानो उतरवताना वाऱ्यानं हेलकावा घेतला, तेव्हा खालचे सगळे पुरुष पळाले आणि यांनी तो अंड्यासारखा अलगद धक्क्यावर टेकवला. एक तारही बेसूर झाली नाही म्हणे.

आणि बहीण. सगळ्या गोष्टी बहिणीपाशीच येतात. दोघींनी लग्न केलं नाही, सगळा जन्म एकत्र. बहीण पहाटे उठून यांची वेणी घालायची. घट्ट, कारण यंत्रात केस अडकले तर डोकं जाईल. "तिच्या हाताला दयामाया नव्हती. भुवया कानापर्यंत ओढल्या जायच्या." इथं आल्यावरही दोघी शेजारशेजारच्या खाटांवर होत्या. मग हिवाळ्यात बहीण गेली.

कुठं गेली ते मला नीट समजलं नाही. "टेकाडावर" असं काहीसं म्हणाल्या. तिकडे दुसरा आश्रम असेल. भांडण झालं असावं दोघींचं. आठ महिन्यांत एकदा तरी भेटायला यायला नको का त्या बहिणीनं? एवढी काय अढी?

आज प्रार्थनेत दोघींचा समेट व्हावा म्हणून खास मागितलं.

शुक्रवार, २५ सप्टेंबर

दुसरा कंगवा आला. नऊ दात. पाठीवर एक छोटं पान कोरलंय. मी म्हटलं, पानाचं काय काम? तो म्हणाला, "पकडायला बरं पडतं."

आईला हेही सांगितलं. आई म्हणाली, "सुताराचं वय काय गं?"

"आई, मी कंगव्याबद्दल बोलतेय."

"मीही त्याबद्दलच विचारतेय."

समेटाचं मनावर घेतलंय. एक पत्र लिहायचं ठरवलं, आजींच्या बहिणीला. या भाषेत माझं पहिलं पत्र. बाईंना दाखवणार नाही. त्या व्याकरण काढतात.

सोमवार, २८ सप्टेंबर

आज जे केलं ते लिहायलाही लाज वाटते, पण वही त्यासाठीच आहे.

केस सोडवता सोडवता मी अगदी सहज विचारलं, "आजी, तुमच्या बहिणीचा पत्ता काय?"

"कशाला?"

"मी पत्र लिहिलंय त्यांना. की राग सोडा आणि एकदा येऊन भेटा."

दालनात एकदम चिडीचूप. समोरच्या खाटेवरच्या आजींनी तोंडाला पदरासारखी चादर लावली. मेट्रनबाई औषधांची गाडी ढकलत होत्या, ती जिथल्या तिथं थांबली.

क्रेनवाल्या आजी मान न वळवता म्हणाल्या, "टेकाडावरची दफनभूमी. अकरावी रांग. डावीकडून चौथी."

मला वाटलं जमीन दुभंगावी. मी काहीतरी पुटपुटले, "माफ करा" म्हणायला गेले आणि गडबडीत शब्द चुकला. मला वाटतं मी "किती वाजले" असं म्हटलं.

आजींचे खांदे हलायला लागले. रडताहेत असं वाटून मी पुढं गेले, तर त्या हसत होत्या. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. "रागावलीय, राग सोडा म्हणे तिला! जन्मभर मी तेच म्हणत होते. कधी सोडला नाही." आणि मग ते हसणं आणि दुसरं काहीतरी एकात एक मिसळलं, आणि मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिले, कारण दुसरं काय करायचं मला माहीत नव्हतं. सेवेच्या प्रशिक्षणात शिकवलेली सांत्वनाची पाच वाक्यं होती. एकही आठवलं नाही.

थोड्या वेळानं म्हणाल्या, "थांबलीस का? चालू ठेव."

बुधवार, ३० सप्टेंबर

घाई केली. चिटणीससाहेबांचं पत्र आलंय, ते सोमवारी पाच तारखेला येताहेत, दोन दिवस राहणार. ते डोक्यात घोळत होतं आणि मी ओढलं. रक्त आलं. आजींनी माझ्या हातावर फटका मारला आणि "चालती हो" म्हणाल्या. चालती झाले.

गोळा अजून निम्मा बाकी आहे. सहा दिवस उरले. आश्रमात जायला लागल्यापासून बाकीची घरं एकूण चौदा झाली. चिटणीससाहेब फॉर्म बघतील आणि विचारतील, तू वचन सांगायला आलीस की केस विंचरायला? वक्तृत्वात दोनदा जिल्ह्यात पहिली आले होते मी. इथं दोन वाक्यं धड बोलता येत नाहीत, आणि ज्या कामापासून पळाले तेच करतेय.

बाईंना म्हटलं, "मला इथं नका ठेवू. मी खोटी आहे. अर्जातही खोटं लिहिलं." आणि पार्लरचं सगळं सांगितलं.

बाई म्हणाल्या, "वक्तृत्व! तरीच." मग माझ्या ताटात आणखी भात वाढला. "उद्या जाऊन माफी माग. आणि या वेळी शब्द पाठ करून जा."

गुरुवार, १ ऑक्टोबर

शब्द पाठ करून गेले. आजी म्हणाल्या, "उशीर केलास. सकाळपासून बसलेय मी."

शनिवार, ३ ऑक्टोबर

आज तिसऱ्या कंगव्यानं मानेजवळचा भाग उकलत होते. बाहेरचं जंजाळ सैल झालं आणि आत बोटाला काहीतरी वेगळं लागलं. गुळगुळीत. तीन पदरी. मी तेल लावून कडेचे केस बाजूला केले.

आत वेणी होती. आख्खी. तीन पेडांची, घट्ट, एक केस इकडचा तिकडे नाही, शेवटाला तपकिरी बुटाच्या नाडीची गाठ. तिच्याभोवती आठ महिन्यांचा गुंता वाढला होता, आणि आत ही जशीच्या तशी.

मला सगळं एकदम कळलं. त्या मुठीत काय धरत होत्या ते.

मी आजींचा हात मागे नेऊन त्यांची बोटं वेणीवर ठेवली. त्यांनी वरपासून खालपर्यंत चाचपून पाहिली. नाडीपाशी बोटं थांबली.

"आहे?" म्हणाल्या.

"आहे."

"मला वाटलं होतं, उरली नसेल."

मी म्हटलं, "ही राहू दे आजी. बाहेरचं सगळं मोकळं होतंय. डॉक्टरांना ही वेणी दाखवू. जखमा भरल्यात. ते काही म्हणणार नाहीत."

त्या म्हणाल्या, "तू काम करताना तोंडातल्या तोंडात काय बडबडतेस?"

"प्रार्थना करते. कधी गाणं म्हणते."

"कुणासाठी?"

"तुमच्यासाठी. गेल्या सोमवारपर्यंत तुमच्या समेटासाठी."

त्या नाकातून हसल्या. "मोठ्यानं म्हण."

म्हटलं. आमच्या चर्चमध्ये संध्याकाळी म्हणतात ते गीत, मराठीतच. दालनात कुणालाही एक शब्द कळला नाही. पण कुणी पंखा बंद केला आणि कुणी खोकला दाबून धरला.

आज फॉर्म भरायचा दिवस. भरला नाही.

सोमवार, ५ ऑक्टोबर

चिटणीससाहेब आले. गोल, गंभीर, दर वाक्यानंतर चष्मा पुसतात. मी सगळे फॉर्म पुढं ठेवले आणि "इतर कौशल्ये" या रकान्याबद्दलही सांगून टाकलं. त्यांनी दोनदा चष्मा पुसला. "उपासनेला शून्य?"

"शून्य, साहेब."

"तीन महिन्यांत?"

"अडीच," मोठ्या बाई चहा ओतत म्हणाल्या. "आणि उद्या सकाळी साहेबांनी आश्रमात यावं. मी मेट्रनबाईंना तसं कळवलंय, पंधरवड्यापूर्वीच."

पंधरवड्यापूर्वी? साहेबांचं पत्र तर गेल्या बुधवारी आलं. बाईंचं तारखांचं जरा असंच असतं.

मंगळवार, ६ ऑक्टोबर

सगळं क्रमानं लिहिते.

आठ वाजता पोचले. वेणी सोडून बाकी सगळं मोकळं होतं, आणि मी चौथ्या कंगव्यानं ते सारखं करत होते. डॉक्टर दहाला येणार होते. आजी एकदम म्हणाल्या, "आता ती सोड."

"वेणी?"

"वेणीच. दुसरं काय राहिलंय?"

मी नाडीची गाठ सोडायला गेले, त्यांनी माझा हात बाजूला केला. स्वतः हात मागे नेले आणि गाठ स्वतः सोडली. त्यांची बोटं जाड आहेत, सांध्यांत वाकलेली, वेळ लागला. नाडी मांडीवर ठेवली. मग म्हणाल्या, "हं." मी एकेक पेड उलगडला.

प्रभू, काय केस! पांढरेशुभ्र, कमरेच्या खाली, वेणीमुळे लाटा लाटा झालेले, तेलानं चमकणारे. बावीसच्या बावीस खाटांवरून "आहाहा" झालं. ज्या उठू शकत होत्या त्या उठून आल्या. मला आईला दाखवावंसं वाटलं. दुसऱ्या कुणाला नाही, आईलाच.

तेवढ्यात डॉक्टर, मेट्रनबाई, चिटणीससाहेब आणि मोठ्या बाई, सगळी वरात आत आली. डॉक्टरांनी केस बाजूला करून कातडी पाहिली, मान हलवली. "मशीन नको," म्हणाले. "छान आहे."

मी अशी फुलले! साहेबांकडे बघितलं. साहेब चष्मा पुसत होते.

आणि आजी म्हणाल्या, "मेट्रन, ती कात्री आण टेबलातून. ए पोरी, काप आता हे. कानाच्या वर."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पुन्हा विचारलं. त्यांनी बोटानं कानावर खूण करून दाखवली.

"आजी! तीन आठवडे! तीन आठवडे मी हे..."

"माहीत आहे. मान माझी होती ना."

"मग कापायचेच होते तर त्या दिवशी मशीननं..."

"अगं, लांब केस तिला आवडायचे. मला कधीच नाही. सत्तर वर्षं नुसता ताप. मला सैनिकासारखे बारीक हवे होते, पण तिच्यापुढं बोलायची सोय होती का?" मग मांडीवरच्या नाडीला बोट गुंडाळत म्हणाल्या, "पण तिनं घातलेली वेणी कुणी परक्यानं धरून खरवडावी आणि केराच्या बादलीत टाकावी, हे मला नको होतं. ती नीट सुटायला हवी होती. सुटली. आता काप."

मी कापले. बाईंनी खाली चादर अंथरली, मेट्रनबाईंनी आरसा धरला. पहिली बट कापताना मी रडत होते आणि आजी नव्हत्या. दहा मिनिटांनी आरशात एक टोकदार हनुवटीची, ताठ मानेची बाई दिसत होती, दहा वर्षांनी लहान. त्यांनी मान डावीकडे वळवली, उजवीकडे वळवली, झटकून पाहिली.

"हलकं वाटतंय," म्हणाल्या. "केबिनमध्ये बसल्यासारखं."

मी केस झाडत होते तेव्हा मागून कुणीतरी खाकरलं. चिटणीससाहेब. म्हणाले, "वेळ असेल तर..." आणि खुर्चीवर बसले. त्यांच्या डोक्यावर कापण्यासारखं फार काही नाही, पण कानांवर भरपूर आहे. मान खाली घालून त्यांनी विचारलं, "हे अर्जात का लिहिलं नव्हतंस?"

"लाज वाटली साहेब."

"हं. माझे वडील कपडे धुवायचे. मीही नव्हतं लिहिलं." मग थोड्या वेळानं, "तू राहा दोन वर्षं. आश्रमाचं काम तुझ्याकडे. पण व्याकरण शीक. आणि चादरींचं मला बाईंनी सांगितलंय."

बाई खिडकीतून बंदराकडे बघत होत्या. फार लक्षपूर्वक.

रविवार, ११ ऑक्टोबर

उपासनेनंतर मी आश्रमात गेले. आजी दारातच कोट चढवून उभ्या. आठ महिन्यांत पहिल्यांदा बाहेर निघाल्या होत्या. "टेकाडावर जायचंय. सोबत ये, पण धरू नकोस."

चढ खडा आहे. त्या दर वीस पावलांवर थांबायच्या आणि दम लागला म्हणून नव्हे, जहाज बघायचंय म्हणून थांबलो असं सांगायच्या. मलाही दम लागला होता, तेव्हा मीही जहाजं बघितली. वारा भणाणत होता आणि त्यांच्या आखूड केसांना तो काही करू शकत नव्हता, याचा त्यांना फार आनंद होत होता.

अकरावी रांग. साधा दगड आहे, कडेला गवत वाढलेलं. आजींनी ते ओणवून उपटलं, हात कोटाला पुसले. मग सरळ उभ्या राहिल्या आणि बहिणीला म्हणाल्या, "बघ."

एकदा डावी बाजू दाखवली, एकदा उजवी.

"ओरडतेय," मला म्हणाल्या. "ऐकू येतंय मला. ओरडू दे." आणि डोळे पुसले. मग कोपरानं मला ढोसलं. "तुमच्यात काहीतरी म्हणतात ना अशा वेळी? म्हण."

मी या भाषेत सुरुवात केली. दुसऱ्याच वाक्यात क्रियापद चुकलं. आजींनी दुरुस्त केलं. तिसऱ्या वाक्यात पुन्हा दुरुस्त केलं. मग म्हणाल्या, "राहू दे. तुझ्या भाषेत बोल. ज्याच्याशी बोलतेस त्याला येत असेल ना ती?"

"येते."

"मग झालं तर."

मी डोळे मिटले आणि मराठीत बोलले. काय बोलले ते इथं लिहीत नाही, सगळं आठवतही नाही. वक्तृत्वासारखं काहीच नव्हतं. एका बाईचे हात दुसऱ्या बाईच्या केसांत रोज पहाटे असायचे, त्या हातांबद्दल आभार मानले, एवढं आठवतं. मधे वाऱ्यानं माझी ओढणी उडाली ती मी धरली नाही. संपलं तेव्हा शेजारून इतक्या मोठ्यानं "आमेन!" ऐकू आलं की खालच्या रांगेतली पाखरं उडाली. तेहतीस वर्षं एकशे बारा पायऱ्यांवरून खाली हाका मारलेला आवाज तो.

"बरोबर जागी म्हटलं का?" त्यांनी विचारलं.

"अगदी बरोबर जागी, आजी."

ओढणी चार थडगी सोडून एका क्रुसाला अडकली होती. त्याच जाऊन घेऊन आल्या, माझ्या गळ्यात टाकली आणि उतार लागला तसा माझा दंड धरला. घट्ट. म्हणाल्या, "तुला पडायला नको म्हणून."